हॅम्पडेनचे बिनपगारी मालक

1937 च्या एप्रिलमध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना पाहायला सुमारे दीड लाख माणसे आली. आठवड्याभरातच त्याच मैदानावर सेल्टिक आणि ॲबरडीन यांच्यात स्कॉटिश कपचा अंतिम सामना झाला, त्यालाही जवळजवळ तेवढीच गर्दी होती. युरोपातल्या फुटबॉलमध्ये गर्दीचे हे दोन्ही उच्चांक आजवर मोडलेले नाहीत. 1950 मध्ये रिओ द जानेरोला माराकाना उभे राहीपर्यंत फुटबॉलसाठी याहून मोठे मैदान जगात नव्हते. हे मैदान सरकारचे नव्हते, नगरपालिकेचे नव्हते, स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनचेही नव्हते. ते होते क्वीन्स पार्क नावाच्या एका क्लबचे, आणि त्या क्लबातल्या एकाही खेळाडूला खेळण्याचा पगार मिळत नव्हता. 1867 मध्ये स्थापन झालेला हा क्लब 2019 पर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, हौशी राहिला.

या क्लबाचा इतिहास बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो. कुणी त्याला पैशाच्या पुरात स्वच्छ राहिलेले बेट म्हणते, तर कुणी काळ ओळखता न आल्याने मागे पडलेला हेकट म्हातारा समजते. दोन्ही मांडण्यांत हौशीपणा हा स्वभाव ठरतो, एकात सद्गुण म्हणून आणि दुसऱ्यात दोष म्हणून. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. क्वीन्स पार्कचा हौशीपणा मुळात पैशाची एक व्यवस्था होती. खेळातून आलेला पैसा खेळाडूच्या खिशात जाणार नाही, आणि सभासदाच्याही नाही, असे एकदा ठरले की तो जातो कुठे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधत गेले की हा क्लब वाढला का, त्याने एवढे उभे केले कसे, तो हरत का गेला आणि शेवटी त्याने आपला पाया स्वतःच का बदलला, हे सगळे एका धाग्यात येते.

9 जुलै 1867 च्या संध्याकाळी ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या एग्लिंटन टेरेसमध्ये काही तरुण जमले आणि त्यांनी फुटबॉल क्लब काढायचे ठरवले. त्यांच्यातले बरेच जण उत्तर स्कॉटलंडमधून नोकरीधंद्यासाठी शहरात आलेले होते. जवळच्या सार्वजनिक बागेचे नाव क्लबाला मिळाले, आणि तेही एका मताच्या फरकाने. त्यांना पहिली अडचण आली ती प्रतिस्पर्ध्याची. त्या वेळी स्कॉटलंडमध्ये या पद्धतीचा फुटबॉल खेळणारे दुसरे क्लब जवळजवळ नव्हतेच. बाहेरच्या संघाशी पहिला सामना व्हायला वर्ष उलटले. 1868 च्या ऑगस्टमध्ये थिसल नावाच्या संघाविरुद्ध ते खेळले, दोन्ही बाजूंना वीस-वीस खेळाडू आणि वेळ दोन तास. मधल्या काळात आणि त्यानंतरही बराच काळ सभासद आपसात दोन गट पाडून खेळत राहिले.

पुढे जे घडले त्याचे मूळ मला या एकटेपणात दिसते. तेव्हाच्या इंग्लिश फुटबॉलचा आत्मा ड्रिबलिंग होता. चेंडू पायाशी घेऊन एकाने धावत सुटायचे, बाकीच्यांनी मागून झुंडीने यायचे आणि पहिल्याचा चेंडू सुटला की पुढच्याने उचलायचा. खासगी शाळांमधून बाहेर पडलेले तरुण आपापल्या शाळेची सवय घेऊन मैदानात येत आणि स्वतःचे कसब दाखवत. क्वीन्स पार्ककडे शाळेचा असा वारसा नव्हता. तीच माणसे, तेच मैदान, आठवड्यामागून आठवडे. शेजारचा कुठे पळेल, कुठे थांबेल, हे तोंडपाठ झालेले. अशा खेळात चेंडू दुसऱ्याकडे ढकलण्यात शहाणपण आहे हे कळायला फार काळ लागत नाही. त्यातच हे खेळाडू अंगाने हलके होते. 30 नोव्हेंबर 1872 रोजी पार्टिकच्या हॅमिल्टन क्रेसेंट या क्रिकेट मैदानावर पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे सभासद होते. संघाची निवड गोलरक्षक रॉबर्ट गार्डनरने केली होती. अंगावरची गडद निळी जर्सीही क्लबाचीच होती, आणि ती पुढे देशाची झाली. त्या दिवसाच्या वर्णनांत इंग्रज खेळाडूंच्या वजनाचा उल्लेख आवर्जून येतो. इंग्लंडने आठ जण आघाडीला ठेवले, तर स्कॉटलंडने सहा ठेवून मागे माणसे वाढवली. सुमारे चार हजार प्रेक्षकांसमोर सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. दोन्ही संघांची ताकद पाहता ती बरोबरी स्कॉटलंडची मोठी कमाई होती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पास देण्याची कल्पना एकट्या क्वीन्स पार्कची नव्हती. शेफील्डमध्ये 1857 पासून क्लब होता आणि तिथले नियम वेगळे होते. रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाच्या सांघिक खेळाचे वर्णन 1870 च्या सुमाराच्या इंग्लिश वृत्तपत्रांत सापडते. क्लबाचे चाहते याखेरीज आणखी कितीतरी शोधांचे श्रेय त्याला देतात, पण त्यांतल्या बहुतेकांना भक्कम आधार नाही. माझा मुद्दा पहिलेपणावर उभा नसल्यामुळे हा आक्षेप मान्य करूनही तो टिकतो. कल्पना कुणाला आधी सुचली यापेक्षा ती कुणी पसरवली याला इतिहासात जास्त वजन असते. पसरवण्याचे काम मात्र स्कॉटलंडमध्ये निर्विवादपणे या क्लबाने केले. डम्बार्टनशरच्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांना हा खेळ दाखवायला क्वीन्स पार्कचे लोक गेले, आणि तिथून व्हेल ऑफ लेव्हन हा क्लब उभा राहिला. एडिनबरामध्येही प्रदर्शनीय सामना खेळून दाखवला गेला. व्हेल ऑफ लेव्हनचेच उदाहरण बोलके आहे. 1876 च्या डिसेंबरमध्ये स्कॉटिश कपमध्ये क्वीन्स पार्कला हरवणारा पहिला स्कॉटिश संघ तोच. ज्यांना शिकवले त्यांनीच हरवले, आणि तरीही शिकवणे थांबले नाही.

का थांबले नाही, हे पैशाच्या व्यवस्थेतून नीट कळते. ज्या क्लबाला पगार द्यायचे असतात त्याला प्रतिस्पर्धी वाढणे परवडते, पण प्रतिस्पर्धी वरचढ होणे परवडत नाही. हरले की तिकिटे घटतात आणि शनिवारचा पगार अडतो. क्वीन्स पार्कला 1870 च्या दशकात ही चिंता नव्हती. त्यांना सामने हवे होते, सामन्यांसाठी क्लब हवे होते आणि क्लबांसाठी नियम. 1871 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा चषकाच्या वर्गणीत या क्लबाने एक गिनी घातली. त्याच्या तुटपुंज्या वार्षिक उत्पन्नात ती रक्कम लहान नव्हती. पहिल्याच स्पर्धेत एकही सामना न खेळता तो उपांत्य फेरीत पोचला. मार्च 1872 मध्ये लंडनच्या ओव्हलवर त्यांनी वाँडरर्सला बरोबरीत रोखले, पण फेरसामन्यासाठी पुन्हा लंडनला जायला पैसे नसल्यामुळे स्पर्धेतून माघार घेतली. वाँडरर्सने पुढे तो पहिला कप जिंकला. वर्षभरात, 13 मार्च 1873 रोजी, क्वीन्स पार्कच्याच पुढाकाराने ग्लासगोच्या एका हॉटेलात क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन जन्माला आली. तिने सुरू केलेला स्कॉटिश कप क्वीन्स पार्कने पहिली तीन वर्षे ओळीने जिंकला आणि 1893 पर्यंत एकूण दहा वेळा जिंकला. 1884 आणि 1885 मध्ये तर तो इंग्लंडच्या कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरला.

  

जिंकण्याच्या त्या वीस वर्षांत दारावर गोळा होणारा पैसा वाढत गेला. इंग्लंडमध्ये 1885 साली व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली होती, स्कॉटलंडमध्ये अजून मनाई होती, पण पाकिटे गुपचूप दिली जात होती. क्वीन्स पार्कने पाकिटे दिली नाहीत. त्यांचा पैसा जमिनीत गेला. पहिले हॅम्पडेन 1873 मध्ये सुरू झाले. नव्या रेल्वेमार्गाला जागा हवी झाल्यावर ते सोडावे लागले. 1884 मध्ये दुसरे आले. एकोणिसावे शतक संपता संपता तेही अपुरे पडणार हे दिसू लागले, तेव्हा क्लबाने जवळच बारा एकरांच्या आसपास जमीन घेतली आणि 31 ऑक्टोबर 1903 रोजी सेल्टिकला एका गोलने हरवून तिसऱ्या हॅम्पडेनचे उद्घाटन केले. क्लबाचे शेवटचे मोठे विजेतेपद तेव्हा दहा वर्षे जुने झाले होते. खेळाच्या दृष्टीने उतरणीला लागलेला संघ जगातले सर्वांत मोठे मैदान बांधत होता. पगार देणाऱ्या क्लबाने तोच पैसा दोन चांगले आघाडीवीर आणण्यात घातला असता, आणि त्याच्या जागी ते बरोबरही ठरले असते.

तिसऱ्या हॅम्पडेनच्या बांधणीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. एप्रिल 1902 मध्ये ग्लासगोच्याच आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना उंच लाकडी गॅलरीचा एक भाग कोसळला आणि 25 माणसे मेली. हॅम्पडेनच्या प्रेक्षक-पायऱ्या लाकडी सांगाड्यावर न ठेवता मातीच्या भरावावर बसवण्यात आल्या. तिथे मग राष्ट्रीय सामने, कपचे अंतिम सामने आणि त्यांचे भाडे हे क्लबाचे कायमचे उत्पन्न झाले. सोबत मालकाच्या वाट्याची संकटेही आली. 1909 मध्ये सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यातल्या कपच्या फेरसामन्यानंतर दंगल उसळली, तिकीटघरे पेटवली गेली आणि त्या वर्षी कप कुणालाच दिला गेला नाही. जळाले ते क्वीन्स पार्कचे, ज्यांचा त्या सामन्याशी जागेपलीकडे काही संबंध नव्हता.

आता दुसरा, अधिक जड आक्षेप. फुकट खेळणे ज्याला परवडते त्यानेच हौशीपणाचे गोडवे गायचे, हा उघड वर्गभेद नाही का? शनिवारी दुपारपर्यंत कारखान्यात राबणाऱ्या माणसाने खेळण्यासाठी पाळी चुकवली तर त्याचा रोज बुडतो. कारकुनाला आणि व्यापाऱ्याच्या मुलाला तो प्रश्न नसतो. क्वीन्स पार्कचे सुरुवातीचे सभासद प्रामुख्याने दुसऱ्या गटातले होते, हे नाकारता येणार नाही. क्लबाच्या सर्वांत उजळ पानावरही ही सावली आहे. अँड्र्यू वॉटसन हा जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू मानला जातो. 1856 मध्ये डेमेरारा येथे, म्हणजे आजच्या गयानात, त्याचा जन्म झाला. वडील स्कॉटिश मळेमालक, आई तिथली कृष्णवर्णीय स्त्री. शिक्षण इंग्लंडमधल्या खासगी शाळांत आणि नंतर ग्लासगो विद्यापीठात झाले. 12 मार्च 1881 रोजी लंडनच्या ओव्हलवर त्याने स्कॉटलंडचे नेतृत्व केले आणि इंग्लंडला 6–1 असे हरवले. क्वीन्स पार्ककडून त्याने स्कॉटिश कप जिंकला, आणि क्लबाचा सचिव म्हणून कारभारही त्याने पाहिला. त्या काळात एका कृष्णवर्णीय माणसाच्या हाती क्लबाचा पत्रव्यवहार आणि देशाच्या संघाचे कर्णधारपद असणे ही असामान्य गोष्ट होती, आणि तिचा अभिमान बाळगायलाच हवा. पण वडिलांच्या संपत्तीतून मिळालेल्या वारशामुळे त्याला फुकट खेळणे शक्य होते, आणि डेमेराराच्या मळ्यांची संपत्ती गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली होती. ग्लासगोच्या व्यापाराचा मोठा भागही त्या साखरेशी जोडलेला होता. हौशी खेळाची किंमत कुणीतरी, कुठेतरी आधीच चुकवलेली असते, याचे इतके थेट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. हौशीपणा सद्गुण मानला तर वॉटसनचे चरित्र तो खोडून काढते. तो पैशाची व्यवस्था मानला, तर तिला बाहेरून आधार लागणारच, आणि तो आधार बदलत जातो, एवढेच त्यातून निघते. एकोणिसाव्या शतकात तो सभासदांच्या घरच्या पैशाचा होता. विसाव्या शतकात हॅम्पडेनच्या भाड्याने त्याची जागा घेतली, आणि मग क्लबाचा दरवाजाही वेगळ्या मुलांसाठी उघडला. गोव्हनच्या जहाजबांधणीच्या वस्तीतला, अवजारे बनवण्याचे काम शिकणारा अलेक्स फर्ग्युसन 1950 च्या दशकाच्या शेवटी इथेच पहिल्यांदा वरच्या पातळीवर खेळला. 1945 मध्ये रॉनी सिम्प्सन चौदाव्या वर्षी या क्लबाच्या गोलमध्ये उभा राहिला आणि 1967 मध्ये सेल्टिकबरोबर युरोपियन कप जिंकला. पगार नसला तरी मैदान, प्रशिक्षण आणि मोठ्या संघांविरुद्ध खेळण्याची संधी देणारी जागा म्हणून क्वीन्स पार्क टिकून राहिला.

मजुराच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. जो घाम गाळतो त्याला त्याच्या कामाची किंमत मिळावी, ही मागणी न्याय्यच होती. 1893 मध्ये स्कॉटलंडने व्यावसायिकतेला मान्यता दिली ती उशिराच दिली असे मी म्हणेन. चोरून पैसे देण्यापेक्षा उघड करार बरा. क्वीन्स पार्कच्या सभासदांनी मात्र पगाराला नकार देताना नीतीची भाषा वापरली, आणि तिथे ते चुकले. रॉबर्ट मॅक्कॉलची गोष्ट या चुकीवर बोट ठेवते. स्कॉटलंडसाठी तेरा सामन्यांत तेरा गोल करणारा हा आघाडीवीर 1901 मध्ये न्यूकॅसलला पैसे घेऊन खेळायला गेला, पुढे रेंजर्सकडे आला, आणि त्याच सुमारास भावाबरोबर मिठाईची दुकाने काढून त्याने मोठा व्यवसाय उभा केला. 1907 मध्ये त्याला क्वीन्स पार्ककडे परत यायचे होते. व्यावसायिक झालेल्याला पुन्हा घ्यायचे नाही असा दंडक होता. क्लबाने तो बाजूला ठेवून त्याला घेतले, आणि 1910 च्या आपल्या शेवटच्या सामन्यात त्याने पोर्ट ग्लासगो ॲथलेटिकविरुद्ध सहा गोल केले. दंडक नीतीचा असता तर तो मोडवला नसता. एका माणसाने सहा वर्षे पगार घेतल्याने क्लबाच्या तिजोरीला काही धोका नाही, हे सभासदांना कळत होते. पगार सर्वांना द्यावा लागला तर काय होईल, ही खरी भीती होती.

ती भीती कितपत खरी ठरली ते 1890 च्या लीगकडे पाहून ठरवता येते. स्कॉटिश लीग सुरू झाली तेव्हा क्वीन्स पार्कला निमंत्रण होते. त्याने नकार दिला. लीगमुळे व्यावसायिकता येईल आणि लहान क्लब मरतील, असे त्याचे म्हणणे होते. नकाराची किंमत क्लबाने भरली. दर शनिवारी चांगले प्रतिस्पर्धी मिळेनासे झाले, आणि 1900 मध्ये त्याला लीगमध्ये यावेच लागले, तोवर बाकीचे खूप पुढे गेले होते. 1922 मध्ये तो सर्वांत वरच्या विभागातून घसरला आणि 1958 मध्ये तिथून कायमचा खाली आला. पण भाकिताचे काय झाले? लीगच्या पहिल्या मोसमात अकरा क्लब होते. सेल्टिक, रेंजर्स, हार्ट्स, डम्बार्टन आणि सेंट मिरन हे पाच आजही लीगच्या व्यवस्थेत आहेत. ॲबरकॉर्न, कॅम्बसलँग, काउलेअर्स, रेंटन, थर्ड लॅनार्क आणि व्हेल ऑफ लेव्हन यांपैकी काही संपले, काही फक्त नावाने खालच्या पातळीवर उरले. 1888 मध्ये इंग्लंडच्या कपविजेत्या वेस्ट ब्रॉमविचला हरवून स्वतःला जगज्जेते म्हणवणारा रेंटन हा एका गावाचा क्लब होता. लीगच्या पहिल्याच मोसमात व्यावसायिकतेच्या आरोपावरून त्याला बाहेर काढले गेले. पैसा मोठ्या शहरात गोळा होतो आणि खेळाडू पैशामागे जातो. लेव्हनच्या खोऱ्यातली गावे त्यापुढे टिकणे शक्य नव्हते. या ऱ्हासाला लीग एकटीच कारण होती असे मी म्हणत नाही. ती नसती तरी इंग्लिश क्लबांनी ते खेळाडू नेलेच असते, नेतही होते. पण क्वीन्स पार्कने धोका कुठून आहे हे बरोबर ओळखले होते.

थर्ड लॅनार्कची तुलना तर टाळताच येत नाही, कारण क्वीन्स पार्कने सोडलेले दुसरे हॅम्पडेन याच क्लबाने घेतले आणि त्याला कॅथकिन पार्क असे नाव दिले. थर्ड लॅनार्क 1904 मध्ये लीगविजेता होता. 1960–61 च्या मोसमात शंभर गोल करून तो तिसरा आला. त्यानंतर सहा वर्षांनी, 1967 मध्ये, तो बुडाला. सरकारी चौकशीत संचालकांच्या कारभारावर ताशेरे आले आणि काहींना दंड झाला. मैदानाच्या जागेला जास्त किंमत येईल हे ज्यांच्या हाती क्लब होता त्यांना दिसत होते. तिथल्या पायऱ्या आज झाडांनी वेढलेल्या सार्वजनिक बागेत उभ्या आहेत. एक किलोमीटरही दूर नसलेला क्वीन्स पार्क त्या सगळ्या काळात अधिक वाईट खेळत होता, कितीतरी कमी प्रेक्षकांसमोर, आणि तरी जिवंत राहिला. त्याच्याकडे नफा वाटून घेणारा कुणी नव्हता. सभासदांना जमीन विकून फायदा होणार नव्हता, म्हणून जमीन विकायचा मोह आतून कधी आला नाही.

मात्र या व्यवस्थेतली एक गाठ प्रामाणिकपणे दाखवली पाहिजे. क्वीन्स पार्कला हौशी ठेवणारा पैसा व्यावसायिक फुटबॉलने कमावलेला होता. 1960 मध्ये रिआल माद्रिदने आइनट्राख्ट फ्रँकफर्टला 7–3 असे हरवले तो युरोपियन कपचा अंतिम सामना हॅम्पडेनवर सव्वा लाखाहून अधिक लोकांनी पाहिला. 1970 मध्ये सेल्टिक आणि लीड्स यांचा उपांत्य सामना एक लाख 36 हजारांहून अधिक लोकांनी. त्या भाड्यावर पुढच्या शनिवारी त्याच मैदानात काही शे प्रेक्षकांपुढे हौशी मुले खेळत. म्हणजे पगारी खेळाडूंच्या घामावर बिनपगारी खेळ जगत होता, आणि ज्या बदलाला क्लबाने विरोध केला त्याच बदलाच्या भाड्यावर तो जगू लागला. मला यात लबाडी दिसत नाही. मैदान आधी बांधले होते ते सभासदांनी, आणि जोखीमही त्यांचीच होती. पण स्वच्छ बेटाची कथा इथे संपते, हेही खरे.

ही जोखीम शेवटी अंगावर आली. 1971 मध्ये आयब्रॉक्सच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 66 माणसे मेल्यावर मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा आला. इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावरच्या 1989 च्या दुर्घटनेनंतर तर मोठ्या मैदानांत उभ्याने पाहण्याची सोयच बंद करावी लागली. दीड लाखांसाठी बांधलेल्या मैदानाला हे बदल फार महाग पडले. 1980 मध्ये सरकारने आधी कबूल केलेली मदत काढून घेतली. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली आणि 1999 मध्ये काम पुरे झाले, तेव्हा क्लब जवळजवळ दिवाळखोरीच्या दारात उभा होता. मैदानाचा कारभार भाडेपट्ट्याने असोसिएशनकडे गेला, आणि क्लब स्वतःच्या मैदानात पाहुणा झाला.

त्याच वेळी खेळाडूंच्या बाजूनेही व्यवस्था उलटली होती. पूर्वी करार नसल्याने पैसा वाचत असे. आता त्यामुळे तो बुडू लागला. करारात न बांधलेला मुलगा निघून जाताना क्लब त्याच्यासाठी किंमत मागू शकत नाही. सेल्टिकने लहानपणी सोडून दिलेला अँड्र्यू रॉबर्टसन 2012–13 मध्ये इथे हौशी म्हणून खेळला, पोटासाठी हॅम्पडेनच्या कार्यालयात फोनवर तिकिटांची कामे करत होता. मोसम संपल्यावर तो डंडी युनायटेडला गेला, तिथून हल, तिथून लिव्हरपूल. 2018 मध्ये तो स्कॉटलंडचा कर्णधार झाला आणि 2019 मध्ये त्याने युरोपातला सर्वोच्च कपही जिंकला. पुढच्या प्रत्येक सौद्यात लाखो पौंड फिरले. अशी मुले घडवायची आणि रिकाम्या हाताने पाठवायची, हे सभासदांना परवडेनासे झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी मतदान घेऊन मोठ्या बहुमताने हौशीपणाची अट काढून टाकली. काहींना तो विश्वासघात वाटला. मला तो 1867 पासूनच्याच विचाराचा पुढचा टप्पा वाटतो: पैसा क्लबाच्या बाहेर वाहून जाऊ नये, हाच हेतू, फक्त गळती आता दुसऱ्या बाजूने होत होती.

2020 मध्ये हॅम्पडेन 50 लाख पौंडांना स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला विकले गेले. राष्ट्रीय मैदान दुसरीकडे हलवण्याची चर्चा त्याआधी गंभीरपणे झाली होती. ते तिथेच राहिले, याला क्लबाने मान्य केलेली किंमत हेही एक कारण होते. मिळालेल्या पैशातून कुणा सभासदाला वाटा मिळाला नाही. तो शेजारच्या लेसर हॅम्पडेनच्या उभारणीसाठी राखला गेला. 2021 आणि 2022 मध्ये क्वीन्स पार्कने ओळीने दोनदा वरच्या विभागात बढती मिळवली. आणि 2025 च्या फेब्रुवारीत स्कॉटिश कपमध्ये त्याच्या पगारी खेळाडूंनी आयब्रॉक्सवर रेंजर्सला एका गोलने हरवले.